खंडेनवमीची आतली सफाई

विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर ऑफिसर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर पट्टी चिकटवलेली असते. 'तूरडाळ, चालू'. 'तूरडाळ, राखीव'. चालू डबा पुरता रिकामा झाल्याशिवाय राखीवला हात लावायचा नाही. एकदा पाहुणे जेवायला असताना त्यांच्या बायकोने, म्हणजे मालिनीताईंनी, तो लावला, तर हे गृहस्थ भरल्या पंगतीत म्हणाले, "म्हणजे आता राखीव काय राहिलं?" पाहुणे बिचारे वरण कमीच जेवले.

मी त्यांना साहेबच म्हणते. माझे वडील, बबन, त्याच कारखान्यात फिटर होते. आमचं क्वार्टर कारखान्याच्या कॉलनीच्या खालच्या अंगाला, नाल्याजवळ. साहेबांचा बंगला वर, गुलमोहराच्या रांगेत. बाबा घरी येऊन चहा घेताना सांगायचे, "आज हातमोजा मागायला गेलो. साहेब म्हणाले, डावा फाटलाय का उजवा, ते लिहून आण. अर्ज परत पाठवला." आई विचारायची, मग काम कसं केलं, तर बाबा नुसता हात पुढे करायचे. आता मी साहेबांच्या अगदी डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते. सकाळी मी टाचा आपटत चालते ते काही उगाच नाही.

साहेबांचा एक नियम कारखान्यातून थेट घरी आलेला आहे. जी वस्तू वर्षभर जागची हलली नाही, ती निकाली काढायची. या नियमाखाली त्या घरातून सोहमची, म्हणजे त्यांच्या मुलाची सायकल गेली, पाहुण्यांच्या गाद्या गेल्या, आणि काही वर्षांपूर्वी मालिनीताईंचा टाइपरायटर गेला. लग्नाआधी त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास केली होती. कल्याणला एका वकिलाकडे नोकरीही ठरली होती. पण कॉलनीत ऑफिसरच्या बायका नोकरी करत नसत, आणि रीत मोडायची तर साहेबांची मंजुरी लागली असती. ताईंनी टाइपरायटर मात्र सोडला नाही. घरं बदलली तसा तोही बरोबर येत गेला, भरतकामाच्या कापडाखाली झाकलेला. एक दिवस त्या भाजी घेऊन आल्या तर कपाटावरची ती जागा मोकळी होती आणि ओल्या फडक्याने पुसूनही झाली होती. साहेबांनी भंगारवाल्याकडून पावती घेतली होती. ताई काही बोलल्या नाहीत, म्हणून मला वाटलं की विसरल्या.

टाइपरायटर जाण्याच्या बऱ्याच आधी सोहम बंगळूरला गेला, तेव्हा आपला कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. त्यात गाव बांधायचा एक गेम होता. मोकळी जमीन मिळते, त्यावर रस्ते टाकायचे, घरं उभी करायची, घरात माणसं ठेवायची, माणसांना नावं द्यायची. साहेब दुपारी जेवून आडवे झाले की ताई तिथे बसू लागल्या आणि त्यांनी आमची कॉलनी बांधायला घेतली. खरी कॉलनी आता ओस पडली आहे. क्वार्टरांच्या भिंतींतून पिंपळ उगवलेत. ताईंच्या कॉलनीत मात्र पाण्याची टाकी रंगवलेली होती, शाळेला मैदान होतं आणि ऑफिसर्स क्लबच्या जागी वाचनालय होतं, त्यात संध्याकाळी बायका बसायच्या. एका सुट्टीच्या दुपारी ताईंनी मला ते दाखवलं. मी नाल्याकडे आमचं क्वार्टर शोधायला लागले तर ताई म्हणाल्या, "तिकडे काय बघतेस? तू माझ्या शेजारी आहेस." गुलमोहराच्या रांगेत त्यांच्या भिंतीला भिंत लावून दुमजली घर होतं आणि ओट्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर लिहिलं होतं 'बबन'. मी वर येऊन बाबांच्या फोटोपुढे उभी राहिले आणि पोटभर रडले.

साहेबांच्या घरात त्यांची पट्टी नसलेली एवढी एकच वस्तू होती, ताईंचं हे गाव. ताईंची स्वतःची म्हणावी अशीही तेवढीच.

आता खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी सगळं खोलून, पुसून, तेलपाणी करायचं. नवमीला हळदकुंकू, झेंडू. आणि पूजेत बसवलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. साहेब घरी हीच पद्धत पाळतात. मिक्सर, इस्त्री, कुकर, स्कूटरची किल्ली, सगळे ओळीने पाटावर बसतात. कॉम्प्युटरही बसतो. इतकी वर्षं त्याला बाहेरून फडकं मारलं की भागायचं. यंदा ज्येष्ठ नागरिक मंडळात कुणीतरी 'संगणकाची अंतर्बाह्य स्वच्छता' या विषयावर भाषण दिलं. बाह्य साहेबांना येतच होती. अष्टमीला त्यांनी अंतर हाती घेतलं.

दसऱ्याला मी विहारातून आले, पांढरी साडीही बदलली नव्हती, तर ताई माझ्या दारात उभ्या. चेहरा उतरलेला. आपट्याची पानं हातातच राहिलेली.

"भावना, खाली ये. गाव उघडत नाही."

खाली गेले. कॉम्प्युटरला झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. गेमचं चित्र दाबलं की काहीतरी सापडत नाही अशी इंग्रजी पाटी यायची. साहेब शेजारी हात मागे बांधून उभे होते. तपासणीला आलेल्या पाहुण्याला स्टोअर दाखवावं तशा थाटात त्यांनी मला सगळं दाखवलं.

"हा सोहमचा खेळ. सोहम गेल्यापासून हललेला नाही. तरी मी फेकलेला नाही. पण अंतर्भाग बघितलास तर लाज वाटेल. चित्रं, आवाज, आकडे, सगळं एका फोल्डरमध्ये कोंबलेलं. बोल्टांत नट आणि नटांत वॉशर. मी वर्गवारी केली."

केली होती खरी. गेमची सगळी चित्रं उचलून 'चित्रे' नावाच्या फोल्डरमध्ये, तिथे सोहमच्या मुंजीचे फोटोही होते. सगळे आवाज 'ध्वनी'मध्ये, भक्तिगीतांच्या शेजारी. जे काय आहे ते कळलं नाही, ते सगळं 'संकीर्ण'मध्ये. फाइलींची मूळ नावं त्यांना गबाळी वाटली, म्हणून सरसकट नावंही बदलली होती: संकीर्ण एक, संकीर्ण दोन, आणि खाली उतरत गेलं तर संपता संपेना. मालिनीताईंचं गाव त्या ढिगात कुठेतरी होतं. कॉम्प्युटरने दर वेळी विचारलं होतं, हे हलवायचं ते नक्की का. ज्या माणसाने आयुष्यभर माल इकडून तिकडे हलवायच्या कागदांवर सह्या केल्या, त्याला एका खिडकीतलं 'होय' दाबायला किती वेळ लागणार.

"साहेब, ते चालू मशीन होतं," मी म्हटलं. "तुम्ही त्याचे सुटे भाग केलेत."

"सर्व माल शिल्लक आहे," साहेब म्हणाले. "काहीही गहाळ नाही. संकीर्णची विल्हेवाट दिवाळीपर्यंत लावू."

"लावू नका. तो गेम ताई खेळतात."

साहेबांनी माझ्याकडे आणि मग ताईंकडे बघितलं. "मालिनी? तिला कुठे वेळ असतो?"

ताईंनी आपट्याची पानं टेबलावर ठेवली आणि आत जाऊन चहा टाकला. मी मागोमाग गेले. चालू साखर सोडून राखीव साखरेतला चमचा त्यांनी पातेल्यात घातला.

"मला दुसरं काही नको गं," त्या म्हणाल्या. "तेवढं परत मिळू दे. नाही मिळालं तर दुपारी मी करू काय?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सुट्टी टाकली आणि आम्ही दोघी सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षाने उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनला गेलो. जीन्सच्या दुकानांच्या मधल्या गल्लीत टेकचंदचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याने कुंकू बघितलं, पंख्यात अडकलेली झेंडूची पाकळी चिमट्याने ओढून काढली.

"आंटी, इसकी शादी थी क्या?"

"पूजा होती," मी म्हटलं.

"अच्छा है. आता बघा, सीधी बात. फॉरमॅट मारून देतो. सब साफ. गेम भी नया डालतो."

"फॉरमॅट नाही करायचं," ताई म्हणाल्या. "आत माझं गाव आहे."

"गाव? कौन सा गाव?"

ताईंनी त्याला समजावलं. तो सगळं ऐकून घेत होता, एकीकडे दुसऱ्या गिऱ्हाइकाला चार्जर दाखवत होता. शेवटी फॉरमॅट न मारता त्याने गेम पुन्हा घातला. पडदा उजळला, ओळखीचं संगीत वाजलं आणि समोर हिरवी जमीन आली. ना रस्ता, ना टाकी, ना गुलमोहर.

"आ गया ना गेम?"

"गेम आला," ताई म्हणाल्या. "गाव नाही आलं."

"तो फिर से बना लो, आंटी. तुमच्याकडे टाइमच टाइम आहे."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तो वाईट माणूस नाही. घरातल्या बाईच्या दुपारीला भाव नसतो हे बाजारात सगळ्यांनाच माहीत असतं, तो फक्त तोंडावर बोलला. ताईंनी त्याचे पैसे दिले, सीपीयू पदराने पुसला आणि आम्ही निघालो.

अंबरनाथ आलं. मग रिक्षाच्या धडधडीत त्या म्हणाल्या, "आपण आधी एक खोटं घर बांधू."

"म्हणजे?"

"एकच घर बांधायचं आणि सेव्ह करायचं. ते घर कॉम्प्युटरमध्ये कुठे जाऊन बसतं ते बघायचं. माझं गाव तिथेच बसत असणार. जागा कळली की वस्तू शोधू."

मी शिकलेली, कॉम्प्युटरवर नोकरी करणारी. मला हे सुचलं नव्हतं. सुचण्यासाठी आधी गाव हरवावं लागतं बहुतेक.

घरी येऊन त्यांनी हिरव्या जमिनीवर एक झोपडी टाकली आणि सेव्ह केलं. मी नव्यात नवी फाइल कुठे उगवली ते शोधलं. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी एक, आणि तिथे झोपडी बसलेली. जागा मिळाली, फाइलचं मूळ नाव कसं असतं तेही कळलं. आता संकीर्णच्या ढिगातून गाव ओळखायचं होतं. सगळ्या फाइली दिसायला सारख्या, टिंबापुढची आडनावंही सारखी, आणि पहिली नावं साहेबांनी ठेवलेली.

साहेब स्टूल घेऊन मागे बसले होते. "आकारमानानुसार लावा," म्हणाले. लावलं, काही उमगलं नाही. "मग वर्णानुक्रमे." सगळ्यांची नावं त्यांनीच 'संकीर्ण' ठेवलेली असताना वर्णानुक्रम कसला, हे मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी स्टूल थोडं मागे घेतलं.

ताई पडद्याजवळ वाकल्या. "हा शेवटचा रकाना कसला गं?"

"फाइलीत शेवटचा बदल कधी झाला ते. तारीख आणि वेळ. नाव बदललं, जागा बदलली, तरी ते तसंच राहतं."

"मग वेळा वाच."

मी वाचत गेले. सकाळच्या वेळा होत्या, त्या साहेबांच्या कामांच्या: शेअरचे भाव, सोसायटीची पत्रकं. मध्यरात्रीनंतरच्या जुन्या वेळा होत्या, त्या सोहमच्या. आणि मग एकेक करून दुसऱ्याच वेळा निघायला लागल्या. अडीच. तीन. पावणेचार. वर्षानुवर्षं, दोघं गावाला गेल्याचे दिवस सोडले तर जवळजवळ रोज, दर दुपारची वेगळी फाइल.

"दुपारच्या घे," ताई म्हणाल्या. "दुपारच्या सगळ्या माझ्या."

साहेबांनी चष्मा पुसला. "दुपारी? दुपारी तर मी घरीच असतो."

"हो," ताई म्हणाल्या. "झोपलेले."

त्या ढिगातून आम्ही दुपारच्या फाइली वेचल्या. हाताला आलेली पहिलीच उचलून, मूळ नाव देऊन, झोपडीच्या जागी ठेवली आणि गेम उघडला. टाकी आली. शाळा आली. गुलमोहराची रांग आली आणि ओट्यावर बाबा बसलेले दिसले. ताईंनी डोळ्यांना पदर लावला. मीही लावला असता, पण पांढरी साडी आदल्या दिवशीच धुवायला टाकली होती आणि अंगावर पंजाबी ड्रेस होता.

साहेब स्टूलासकट पुढे सरकले. "हे आमचं स्टोअर का?"

कॉलनीच्या टोकाला लांबट गोदाम होतं. मी त्या बाजूला कधी बघितलंच नव्हतं. हौसेने गोदाम कोण बघतं? पडद्यावर संध्याकाळ झाली तशी गोदामाच्या दारातून एक माणूस बाहेर पडला. डोक्यावर नाव: विष्णुपंत. तो गुलमोहराच्या रांगेतून चालत घरी गेला आणि व्हरांड्यात ताईंच्या शेजारी बसला.

"डाव्या बाजूने चालतोय," साहेब खूश होऊन म्हणाले. "शिस्त आहे."

"हे जुनं आहे, टाइपरायटर होता तेव्हाचं," ताई म्हणाल्या. "भावना, शेवटची दुपार लाव."

शेवटची दुपार लावली. गाव दुपटीने वाढलेलं होतं. वाचनालयाला वरचा मजला, नाल्यावर पूल, बाजारात दिवे. ताईंनी सगळीकडून फिरवून आणलं, बोटाने मोजल्यासारखं करत: हे आहे, हेही आहे. साहेब मात्र स्वतःला शोधत होते. व्हरांड्यात एकच खुर्ची होती.

"मी कुठाय?"

ताईंनी गोदाम दाखवलं. चकचकीत रंगवलेलं, खिडक्या स्वच्छ. आत एक माणूस मांडणीपासून मांडणीपर्यंत चालत होता, थांबत होता, पुन्हा चालत होता. संध्याकाळ झाली, दिवे लागले, बाकीचे लोक घरोघर गेले. तो भिंतीपर्यंत यायचा आणि परत फिरायचा.

साहेबांनी पडद्यावर बोट ठेवून गोदामाच्या चारी भिंती तपासल्या. "दार कुठे गेलं?"

"काढलं."

"का?"

ताई खुर्चीत मागे टेकल्या. आवाज नेहमीचाच होता, भाजी काय करू असं विचारतानाचा.

"टाइपरायटर गेला तेव्हा लगेच नाही काढलं. म्हटलं, आज ना उद्या तुम्ही विचाराल, मालिनी, त्याचं काही वाटलं का. वर्षभर थांबले. वर्षभर काही हललं नाही. मग निकाली काढलं."

पडद्यावरचा विष्णुपंत मांडणी तपासत होता. मला हसू यायला हवं होतं. बाबांच्या त्या हातमोज्यापासून मी या माणसाची फजिती बघायला टपून बसले होते. आणि आता ती झाली तर मला साहेबांचे पायजम्यावर ठेवलेले हात तेवढे दिसत होते. मोठे, स्वच्छ, नखं नीट कापलेले हात. त्या हातांनी काय काय पुसून नेलं हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. मी उठून वर आले आणि त्या संध्याकाळी टाचा न आपटता चालले.

आता दुपारी साहेब झोपत नाहीत. ताईंच्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसतात. बघायला परवानगी आहे, माउसला हात लावायला नाही. 'चित्रे', 'ध्वनी' आणि 'संकीर्ण'मधला माल ते रोज सकाळी थोडा थोडा मूळ जागी लावतात. सोहमच्या मुंजीचे फोटो गेमच्या चित्रांतून वेगळे झाले, भक्तिगीतंही परत एका जागी आली.

काल मी वाटी परत द्यायला गेले तर ताई नाल्यापलीकडे नवा रस्ता टाकत होत्या. गोदामाकडे नजर टाकून मी हळूच विचारलं, "दार बसवलं का?"

"अर्ज आलाय," ताई म्हणाल्या. "लेखी."

"मग?"

"दार कोणत्या भिंतीला हवंय, डाव्या का उजव्या, ते लिहिलेलं नाही. परत पाठवलाय."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्याकडे कोरा कागद मागितला.